डावीकडे सोडलेली जागा

खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश ओला असताना कधी उभा ठेवू नये.

औशाच्या भीमनगरात टँकर मंगळवारी यायचा. कधी बुधवारी. कधी नाहीच.

बी.ए., एल.एल.बी. याला दोन फुटांची पाटी लागते. एम.बी.बी.एस. दीड फुटात बसतं.

जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकून त्यांना तारा जोडल्या, की पेटीतला काटा हलतो.

पंचशीला हट्टाला पेटली की ओरडत नसे, आवाज खाली आणायची.

नव्या जिल्ह्याला किती पाट्या लागतात, हे जिल्हा होईपर्यंत कुणाला ठाऊक नसतं.

लिंबाजी पेंटरला ते ठाऊक झालं होतं. साल ब्याऐंशी. आभाळ कोरडं, विहिरींचे तळ दिसत होते, आणि उस्मानाबादेतून वेगळा काढून लातूरचा जिल्हा होणार होता. पंधरा ऑगस्टला झेंडा. त्याच्या आत साहेब येणार, साहेबांना खोल्या लागणार, खोल्यांना पाट्या. ठेकेदार ईश्वरप्पानं लिंबाजीला औशाहून उचलून आणला होता. दिवसभर तो पत्र्यांपुढं मांडी घालून बसायचा, संध्याकाळच्या एस.टी.नं घरी जायचा.

लिंबाजी स्वतः चौथी शिकलेला. पण औशातल्या सगळ्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, मास्तरांच्या पदव्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. त्यामुळं भीमनगरात त्याचा शब्द चालायचा. पोराला काय शिकवावं, हे विचारायला लोक त्याच्याकडं यायचे. लिंबाजी पाण्याचा तांब्या पुढं करायचा, भिंतीला टेकायचा आणि सांगायचा, "आधी बी.ए. करून घ्या. मंग म्होरं काय बी लावता येतं."

त्यानं पाट्यांवर तेच पाहिलं होतं.

बी.ए., बी.एड.

बी.ए., एल.एल.बी.

बी.ए. (ऑनर्स), डी.पी.एड.

पुढं बी.ए., मागं बाकीचं. आगगाडीचं इंजिन पुढं असतं तसं. डबे कुठले जोडायचे ते नंतर बघता येतं. डॉक्टरांच्या पाटीवर बी.ए. नसायचं, पण लिंबाजीला त्याचं कोडं नव्हतं. डॉक्टरला वेळ कमी, पाटी लहान, त्यानं गाळलं असेल.

त्याची लेक पंचशीला दहावीला पहिल्या वर्गात आली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात भूजल खात्याची जीप भीमनगराच्या मागं आली होती. जीपमधून एक बाई उतरल्या, खुंट्या ठोकून घेतल्या, काट्याकडं बघून वहीत आकडे लिहिले आणि शेवटी बोट दाखवून म्हणाल्या, "इथं." तिथं बोअर घेतली. पाणी लागलं. बारीक धार, पण गोडं पाणी. सगळा मोहल्ला धारेकडं बघत होता. पंचशीला बाईंकडं बघत होती.

"बाबा, मला ते व्हायचंय," ती आवाज खाली आणून म्हणाली.

"हो की माय. आधी बी.ए. करू. मंग ते लावू."

आणि त्यानं तिचं नाव औशातच अकरावी आर्टला घातलं.

*

ऑगस्टात त्याच बाई लातूरला भाड्याच्या खोलीत कार्यालय मांडून बसलेल्या त्याला सापडल्या. ईश्वरप्पानं कागद दिला होता, तो असा:

सौदामिनी कंधारकर
एम.एस्सी. (भूगर्भशास्त्र)
कनिष्ठ भूवैज्ञानिक

लिंबाजीनं पत्र्यावर ओळींसाठी खडूची दोरी मारली. मग बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. टेबलावर सगळे दगडच.

"बाई, वळखलं का? औशाची बोअर."

"भीमनगर! पाणी टिकलंय का?"

"हाय अजून. बाई, दुसऱ्या ओळीत मी डावीकडं जरा जागा सोडून ऱ्हायलो."

"कशाला?"

"बी.ए.साठी. तुमी लिवायचं इसरलात."

बाई हसल्या. "मी बी.ए. नाही हो."

"न्हाई?" लिंबाजीनं पुन्हा कागद बघितला. "मंग हे यमेस्सी कशाला जोडलंय?"

बाई पुन्हा हसणार होत्या, पण त्याचा चेहरा बघून थांबल्या. "पेंटर, घरी कोण शिकतंय?"

"लेक. तुमच्यावानी व्हायचं म्हनती. अकरावीला आर्टला घातली. म्हटलं बी.ए. झाली की हे लावू."

बाईंनी हातातला दगड खाली ठेवला.

"बी.ए.च्या मागं हे लावता येत नाही."

लिंबाजीच्या हातात खडू होता. तो त्यानं खिशात घातला, मग बाहेर काढला.

बाई उठल्या आणि त्याला भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथं रंगांनी काढलेलं एक उभं चित्र होतं. वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग चिरा गेलेला खडक, त्यात निळ्या रेघा. तळाला अखंड काळा पाषाण.

"तुमच्या बोअरचं पोट आहे हे," त्या म्हणाल्या. "वरून काय दिसतं? फक्त माती. पाटीचंही तसंच. एम.एस्सी.च्या खाली तीन वर्षांची बी.एस्सी. असते. तिच्या खाली बारावी सायन्स, त्याच्या खाली अकरावी सायन्स. आम्ही वरचं तेवढं लिहितो."

"अन् खाली आर्ट असलं तर?"

"तर वकील होता येतं. कुठलीही पदवी घ्यायची, मग कायदा. हायस्कुलात शिकवता येतं, त्याला पदवीवर बी.एड. तहसीलदारसुद्धा होईल, पदवी आणि परीक्षा. त्या वाटा चांगल्याच आहेत. पण डॉक्टर, इंजिनिअर आणि आम्ही दगडवाले, आमची वाट अकरावीलाच फुटते."

"तिकडं खुंट्या ठोकनारा ओव्हरसिअर हाय, त्यो?"

"तो दहावीनंतर डिप्लोमा करून आला. तिकडं बी.ए. लागत नाही आणि बारावीही लागत नाही."

लिंबाजी चित्रासमोर उभाच राहिला. वर्षानुवर्षं तो वरची माती रंगवत आला होता. खाली एवढं काही आहे, आणि ते प्रत्येकाच्या पाटीखाली वेगळं आहे, हे त्याच्या ब्रशाला कधी लागलं नव्हतं.

"आता?" त्यानं विचारलं.

"लातूरच्या सायन्सच्या जागा भरल्यात. नांदेडला मी शिकले त्या कॉलेजात थोड्या असतील, मुलींचं वसतिगृहही आहे. पण झेंडावंदनाच्या आधी जा. नंतर प्रवेश बंद."

*

तो बाहेर पडला आणि गावातून चालू लागला. पाट्या त्याच्या रोजच्या बघण्यातल्याच होत्या. तरी आज नव्यानं दिसत होत्या.

दातांचे डॉक्टर. हात लावला तर आत चार वर्षं कुणी दुसऱ्याच्या दातांत डोकावत बसलेलं. औषधांचं दुकान, डी.फार्म. त्याच्याखाली सायन्स, नक्की सायन्स. वकील. त्यांच्याखाली काय? काही असू शकेल, शेतकी, कॉमर्स, आर्ट, आणि त्या 'काही असू शकेल'चंही लिंबाजीला नवल वाटलं. दवाखान्याच्या दारात नर्सबाई चहा पीत होत्या, त्यांना पाटी नव्हती, त्यांच्याखालीही वर्षं होती. रस्त्याच्या कडेला गटार खणणाऱ्यांना सूचना देणारा पोरगेला माणूस, आय.टी.आय. की डिप्लोमा? सगळं लातूर खोल झालं होतं. पत्रे चकचकत होते आणि त्यांच्या मागं जमीन खाली खाली जात होती, थरावर थर. लिंबाजीला विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यानं एका खांबाला धरलं.

मग त्याला ते सगळे लोक आठवले ज्यांना त्यानं भिंतीला टेकून सांगितलं होतं. खांब त्यानं जरा घट्ट धरला.

*

"उद्या?" ईश्वरप्पा किंचाळला. "उद्या तू नांदेडला चाललास? अन् ही पाटी?"

ती सगळ्यात मोठी पाटी होती, नव्या इमारतीच्या माथ्यावर जायची. तिच्यावर शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर झालं होतं: ला.

"परवा येतो, आप्पा."

"परवा साहेब येतेत बे! जिल्हा जल्माला घालतेत अन् नाव काय तर 'ला'? दुसरा पेंटर बघतो मी. पुन्हा या दारात दिसू नकोस."

"बघा," लिंबाजी म्हणाला. त्यानं ब्रश धुतले, पुसले आणि आडवे ठेवले.

घरी त्यानं चांगुणाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडं बघितलं.

"म्हंजी सगळ्या मोहल्ल्याला अक्कल वाटनाऱ्याला ठावंच नव्हतं?"

"न्हाई."

"लई भारी!" चांगुणा म्हणाली. "आता तोंड काय वासता? टी.सी. काढायला सकाळी कोन जानार, मी?"

पंचशीला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यातली ट्रंक ओढून पुसायला लागली.

*

अहमदपूर, लोहा, नांदेड. एस.टी.त पंचशीला खिडकीशी बसली होती. रस्त्यानं उघडे पडलेले खडक दिसले की ती मान वळवून मागं जाईपर्यंत बघायची. लिंबाजी पाट्या बघत होता. आज तो अक्षरं वाचत नव्हता.

कॉलेजच्या ऑफिसात शेषेराव नावाचे कारकून होते. त्यांनी चष्म्यावरून टी.सी. बघितली.

"आर्टची? आता सायन्स? महिनाभर काय झोपली होती का पोरगी?"

"पोरगी न्हाई," लिंबाजी म्हणाला. "मी झोपलो होतो, साहेब."

शेषेरावांनी त्याच्याकडं बघितलं, रंगानं भरलेल्या नखांकडं बघितलं. मग आत जाऊन आले. "दोन जागा आहेत. मागचा अभ्यास भरून काढावा लागेल. विषय सांगा. गणित का जीवशास्त्र?"

पुन्हा एक फाटा. लिंबाजीला पायाखालची जमीन उघडल्यासारखी वाटली. कालपर्यंत त्यानं क्षणात सांगितलं असतं. त्याचं तोंड उघडलंही होतं. त्यानं ते मिटलं, एक पाऊल मागं सरकला आणि खिडकीपुढची जागा लेकीला दिली.

पंचशीला पुढं झाली. "दगडाला काय लागतं, सर?"

"कशाला?"

"भूगर्भशास्त्राला."

शेषेरावांनी चष्मा काढला. "कुठलं बी चालेल वाटतं. थांब, सरांना विचारतो." ते खरंच उठून विचारून आले. "सायन्स हवं म्हणतात. गणित असलं तर बरं."

"दोन्ही घेता येतं?"

"येतं. झेपेल का?"

"दोन्ही द्या," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

शेषेराव लिहू लागले. लिंबाजी तिच्या मागं उभा होता. तिच्या पाठीला दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. त्याला ती बांधावीशी वाटली, पण हात पुढं गेला नाही. जमिनीत खुंट्या ठोकल्यावर बाई काट्याकडं बघत तसा, श्वास धरून, तो बघत राहिला.

लिंबाजीनं पहिलं अक्षर रंगवलं ते बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर असताना, औसा रस्त्यावरच्या मैलाच्या दगडावर. ते 'लातूर'मधलं 'ला' होतं, काल मोठ्या पाटीवर सोडून आलेलं तेच अक्षर.