मुदतीच्या घराचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. आता कोणाचा, ते मात्र विचारू नका मित्रांनो, कारण तिथेच तर माझं घोडं अडलं आहे.

सुताराने मला घडवलं तेव्हा सगळं सरळ होतं. त्याने रंधा मारला, काचकागदाने घासलं, बिजागऱ्या बसवल्या आणि "काय देखणा झालायस रे!" असं म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, मी या घराचा आणि हे घर काका-काकूंचं. काका बस चालवायचे. सुट्टी मिळाली की मऊ फडकं घेऊन मला तेल लावत बसायचे. काकू आतून टोमणा मारायच्या, "माझ्याकडे कधी एवढ्या प्रेमाने बघितलं नाहीत!" मी आपला गप्प. नवरा-बायकोच्या मध्ये दरवाजाने कशाला पडावं?

त्यांच्या मुलीला सगळे ताई म्हणतात. ताईला जन्मापासून दिसत नाही. ती एका इस्पितळात फोन घेण्याचं काम करते, एकटी जाते आणि एकटी येते. आमच्या गल्लीतली घरं म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. पण ताई काठी भिंतीला टेकवते, माझ्यावरून तळहात फिरवते, आणि गुळगुळीत लागलं की पिशवीतून किल्ली काढते. तिचा हात फिरला की माझा दिवस सार्थकी लागायचा.

मग काका निवृत्त झाले आणि घरात 'मुदत' हा शब्द शिरला. माझ्या गोंधळाला तिथून सुरुवात झाली. घर काकांचं, पण घराखालची जमीन म्हणे दुसऱ्याच मालकाची! त्याने ती ठरावीक वर्षांसाठी दिली होती, आणि त्याला भाडेपट्टा म्हणतात. वर्षं संपली की जमीन मालकाकडे परत, आणि तिच्यावर उभं असलेलं घरही त्याचंच. म्हणजे चौकट काकांची आणि चौकटीखालची माती परक्याची. समजलं का तुम्हाला? मला तर काडीइतकंही समजलं नाही.

काकूंना स्वतःची चिंता नव्हती. "आपले दिवस निघतील हो," त्या काकांना म्हणाल्या, "पण आपल्या माघारी पट्टा संपला तर ही कुठे जाईल? या घरात पोर डोळे असल्यासारखी वावरते." मग पट्टा वाढवून घ्यायचं ठरलं, अर्ज गेला, आणि मालकाकडून घर बघायला एक बाई येणार असं कळलं.

नेमके तेव्हाच शेजारचे सर्वज्ञ येऊन टपकले. त्यांना गल्लीने हे नाव ठेवलं आहे, कारण कोणी काही विचारण्याआधीच ते उत्तर देतात. "अहो, घर चकचकीत दिसलं की पट्टा वाढवायला मालक जास्त पैसे मागणार! जरा अवकळा आणा घराला," ते म्हणाले. आणि काकांना ते पटलं.

सरळमार्गी माणूस लबाडी करायला गेला, तर तीसुद्धा मन लावून करतो. पाहणीच्या दिवशी ताई कामाला गेली आणि काका पत्र्याचा तुकडा घेऊन माझ्यापुढे बसले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत खरवडलं. माझं पॉलिश सालपटासारखं निघालं. वर त्यांनी चिखल चोळला. मी चक्रावून गेलो. आजवर ज्या हातांनी तेल लावलं, त्यांच्याशी माझं काय वाकडं झालं होतं? तिकडे काकूंना सवय गप्प बसू देईना. पाहुणी येणार म्हणून त्यांनी मला पुसलं. काकांनी पुन्हा चिखल लावला. काकूंनी पुन्हा पुसलं. अरे, मी स्वच्छ राहू की घाण, एकदा ठरवा तरी!

पाहणीसाठी ताई अर्धी रजा घेऊन दुपारीच परतली. तिने नेहमीसारखा तळहात फिरवला आणि चटकन मागे घेतला. माझं एक कुसळ तिच्या हातात शिरलं होतं. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माफ करा हं, चुकून दुसऱ्याच्या दाराशी आले."

मित्रांनो, ती माझी माफी मागत होती! मी ओरडणार होतो, पण दरवाजाला कुठे तोंड असतं? ती शेजारच्या दाराशी गेली, तिथून पलीकडच्या, आणि शेवटी गल्लीच्या मधोमध उभी राहिली. तेवढ्यात मागून पाहणीच्या बाई आल्या.

"कोणाचं घर शोधताय?"

"आमचंच," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली. "रोज बरोबर येते हो मी. आज काय झालं कळत नाही."

ताईने सांगितलेलं नाव ऐकून बाईंनी तिला माझ्यापाशी आणलं आणि पाटी वाचली. "अहो, मग हेच की."

"छे, हे नाही. आमचे बाबा दाराची अशी हेळसांड कधीच करणार नाहीत."

काका माझ्या मागेच उभे होते. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला. त्यांनी मला उघडलं. "बाळा, हेच आपलं घर," ते म्हणाले.

"मग दाराला काय झालं, बाबा?"

"सांगा की आता!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी ताईला जवळ घेतलं.

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, उलटंच केलंत! पैसे जमिनीवरून ठरतात. घर नीट राखलंय का, तेवढंच बघायला मी येते, कारण पट्ट्यात तशी अट आहे. हे असं दार बघून मी मुदतवाढ द्या म्हणून कसं सांगू?" बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं. "महिन्याभराने परत येते. पण तुमचं दार रोज कसं असतं, ते मी आत्ता ऐकलंय."

मग काका रोज मला घासायला बसले, आणि ताई शेजारी. "इथे अजून खरखरतंय, बाबा," ती सांगायची आणि काका निमूटपणे तिथे काचकागद फिरवायचे. सर्वज्ञ लोखंडी दाराचे फायदे सांगायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

बाई पुन्हा आल्या आणि पट्टा वाढला. ताईला जन्मभर पुरून उरेल इतका. काकू रडल्या, काका हसले, आणि माझा गोंधळ तसाच राहिला. जमीन अजूनही त्या मालकाचीच. मग वाढलं ते नक्की काय? जाऊ दे, थोरामोठ्यांची गणितं.

माझी विनंती साधी आहे. घरातली वस्तू खरवडण्याआधी, हलवण्याआधी, टाकून देण्याआधी एकदा विचारा, हिच्यावर कोणाचा हात विसंबून आहे? त्या दुपारी सोललं गेलं ते माझं लाकूड, मित्रांनो, पण घर हरवलं ते ताईचं.