न बिघडलेल्या गाडीची दुरुस्ती

नवऱ्याच्या मनात काहीतरी शिजतंय, अशी टेलरबाईंची खात्री झाली ती फॅन बेल्टच्या वेळी. त्याआधी त्याने ऑइल बदललं तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. ऑइल काय, बदलावंच लागतं. डिझेलचा फिल्टर बदलला, तेव्हा त्यांनी शिलाई मशीनवरून नुसती मान वर करून खिडकीतून बघितलं. पण एक चीरसुद्धा नसलेला धडधाकट बेल्ट उतरवून त्याने नवा चढवला आणि त्यांचा पाय पायडलवरच थांबला.

"अहो, तुटला होता का तो?"

तो बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकून बोल्ट आवळत होता. उत्तर नाही.

"मी काय विचारतेय?"

तरी नाही. टेलरबाईंनी पुन्हा पायडल मारलं. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही.

गाडी जुनी होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, डिझेलची, पत्रा जाड आणि स्वभाव त्याहून जाड. टेलरबाई या घरात यायच्या आधीपासून ती अंगणात उभी होती, म्हणून शेजारी तिला 'थोरली' म्हणत. त्या हिशेबाने टेलरबाई धाकट्या. खाणीच्या वरच्या वस्तीत जाणारा खडीचा चढ इतर गाड्यांना झेपत नसे. त्या खालच्या पुलाशीच माणसं उतरवून परत फिरत. वर जायची ती थोरलीच. माणसं, गॅसच्या टाक्या, औषधं, सगळं घेऊन.

आणि थोरलीला इतकी वर्षं चालतं ठेवलं होतं ते नवऱ्याच्या कानांनी. बाजारात त्याला 'कानसेन' म्हणत. रस्त्यावरून परक्याची गाडी गेली, तरी हा खुर्चीतल्या खुर्चीत सांगायचा, "डावं बेअरिंग गेलं याचं." आणि ते गेलेलं असायचं. वेळ आली म्हणून पार्ट बदलणाऱ्या लोकांना तो हसायचा. "इंजिन बोलतं. ते बोलेपर्यंत आपण कशाला मधे तोंड घालायचं?"

असा माणूस आता किलोमीटरचा आकडा बघून पार्ट बदलत होता. बेल्टनंतर रेडिएटरचे होज पाइप बदलले. मग कूलंट काढून नवं भरलं. मग हीटर प्लग. पाइपांवर तर एक सुरकुती नव्हती. टेलरबाईंनी स्वतः दाबून पाहिलं, त्यांच्या पोटऱ्यांपेक्षा घट्ट होते.

बाजारात न्यायचं जनावर आधी धुऊनपुसून घेतात, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. थोरली विकायला निघाली होती.

आणि थोरली गेली की धाकटीही जाणार, हे उघडच होतं. धाकटा दीर कधीचा मागे लागला होता, गाडी काढून टाका आणि इकडे माझ्याकडे या, खोली रिकामीच आहे. खोली रिकामी होती, पण तिथे दिवसभर करायचं काय? सोफ्यावर बसून जाऊबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या? इथे पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन होतं, कापायचं लांब टेबल होतं, आणि वरच्या वस्तीतल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. कोणाचा खांदा उतरता, कोणाची कंबर दर पावसाळ्यात वाढते, सगळं. हे काही ट्रंकेत भरून नेता येत नाही.

मग एका दुपारी अंगणातून नवऱ्याचा आवाज आला. फोन कानाला, पाठ खिडकीकडे. "हो... हो हो... चालेल ना... बघ तू, बघ."

"कोणाचा फोन?" त्यांनी दारात येऊन विचारलं.

"धाकट्याचा."

"काय म्हणतो?"

"काय म्हणणार? बरं आहे सगळं." आणि तो टायर बघायला खाली वाकला. टायरला काही झालेलं नव्हतं.

टेलरबाईंनी पिशवी उचलली आणि पार्टवाल्याचं दुकान गाठलं. पँटला लावायची चेन घ्यायच्या निमित्ताने निघाल्या होत्या खऱ्या, पण चेन शेजारच्या दुकानात मिळत होती.

"वहिनी आज इकडे? गाडीने सोडलं की काय मधेच?"

"गाडीला काय धाड भरलीये? तुमच्या दुकानातले निम्मे पार्ट तिच्याच अंगावर आहेत. कोणी बघायला येणार आहे का तिला?"

"तिला?" पार्टवाला खो खो हसला. "तिला बघायला आले तर संग्रहालयवाले येतील!"

"हसण्यावारी नेऊ नका. तुमचा दोस्त काय बोललाय ते सांगा."

"शप्पथ, काही नाही. मलाही कोडंच आहे. पूर्वी मी पार्ट दाखवला तर म्हणायचा, तुझ्याच दुकानात ठेव, ओरडला की नेईन. आता न ओरडताच नेतो. वॉटर पंपही सांगून ठेवलाय, अजून आला नाही."

सगळे एका माळेचे मणी, असं म्हणून टेलरबाई परतल्या. चेन न घेताच.

वरच्या वस्तीतल्या शाळेचे गणवेश द्यायचे होते, तो दिवस उजाडला. गठ्ठ्यांनी मागची बाजू भरली, म्हणून नेहमी मागे बसणाऱ्या टेलरबाई पुढे बसल्या. रस्ताभर त्या बोलल्या नाहीत आणि त्याला ते खुपल्याचंही दिसलं नाही. हे तर जास्तच संशयास्पद होतं.

पूल ओलांडून चढ सुरू झाला आणि बॉनेटखालून एक बारीक आवाज येऊ लागला. किर्र, किर्र, कोरड्या रहाटासारखा. टेलरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर रस्त्यावर, चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत. आवाज वाढला. आता तो बहिऱ्यालाही... त्यांनी वाक्य मनातच सोडलं. विकायच्याच गाडीचं दुखणं कोण कशाला मनावर घेईल!

"अहो, थांबवा."

थोरली चढतच राहिली.

त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, तसा त्याने दचकून ब्रेक दाबला. "काय झालं?"

"आवाज येतोय."

"कुठून?" एवढंच विचारून त्याने हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालूच ठेवून उतरला. बॉनेट उघडलं. लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. हे टेलरबाईंनी हजारदा पाहिलं होतं: टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. पण आज त्याने इकडेतिकडे पाहिलं, मूठ तोंडात धरली आणि दातांनी घट्ट चावली. डोळे मिटून तो तसाच एकेका भागावर टोक टेकवत राहिला.

 टेलरबाई खाली उतरून त्याच्या पाठीमागे गेल्या.

"भाऊजी आलेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "गाडीला गिऱ्हाईक घेऊन."

तो हलला नाही.

"मी घर सोडून चाललेय. ऐकलंत?"

त्याने टोक वॉटर पंपाच्या बाजूला सरकवलं, दात आवळले आणि मान डोलावली, बरोबर जागा सापडल्यासारखी. मग वळला आणि बायको इतकी जवळ उभी बघून स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढला.

"पंपाचं बेअरिंग," तो म्हणाला. "तेवढंच राहिलं होतं बदलायचं." मग तिचा चेहरा बघून, "रडतेस कशाला? गाडी गरम नाही झाली अजून."

टेलरबाईंनी त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं. "किती ऐकू येतं?"

 त्याने दारातून आत वाकून इंजिन बंद केलं.

"समोरून बोललीस तर कळतं," तो म्हणाला. "बारीक आवाज गेले सगळे, दातांना थरथर कळते तेवढीच. म्हणून म्हटलं, ती बोलायच्या आधीच बदलून टाकावं. लोकांना कळलं तर कोण बसेल माझ्या गाडीत?"

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू मला कानसेनच समजून होतीस."

"मी तुम्हाला चोर समजत होते!" त्या ओरडल्या. तेवढं त्याला ऐकू आलं.

इंजिन निवेपर्यंत दोघं दगडावर बसले. मग एकदम टेलरबाईंना त्या दुपारच्या फोनवरचं 'हो... हो हो' आठवलं आणि त्यांनी दिराला फोन लावला.

"बोला वहिनी! मी फोन करणारच होतो. रविवारी येतोय, गिऱ्हाईक पक्कं. दादा सगळ्याला हो म्हणालाय. तुमची खोलीही रंगवून झाली."

टेलरबाईंनी डोळे मिटले. "भाऊजी, दादांना फोनवर काही ऐकू येत नाही. त्यांनी तुम्हाला आकाशातला चंद्रसुद्धा देऊन टाकला असता. गाडी विकायची नाही."

"अहो, पण मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, आम्ही नाही. या रविवारी, जेवायला या. गिऱ्हाईक नको."

नवरा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता. "काय म्हणाला?"

खोटं सांगितलं असतं तर त्याला कळलंही नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांनाच भीती वाटली. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं आणि सावकाश सांगितलं, "तुम्ही गाडी विकली होतीत. मी परत घेतली."

त्याचा चेहरा आधी पडला, मग कानापर्यंत लाल झाला.

"उद्या कानाच्या डॉक्टरांकडे," टेलरबाई म्हणाल्या. "ते काय म्हणतील ते दोघांनी समोरासमोर ऐकायचं. ते सांगेपर्यंत गाडीत माणूस बसवायचा नाही. माझ्याशिवाय."

तो मान खाली घालून नखातलं ग्रीस काढत राहिला. मग उठला. "उतरताना जोर पडणार नाही तिच्यावर. तू इंजिनाच्या उष्णतेचा काटा बघ, आणि कान दे."

त्याने जागा बघून गाडी वळवली. गणवेश मागे तसेच. उतारावर टेलरबाई श्वास रोखून बसल्या. इंजिनाला इतके आवाज असतात, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. प्रत्येकावर संशय येत होता. वळणापाशी त्यांनी पुन्हा त्याचं मनगट धरलं. "थांबा. टिक टिक होतंय, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं."

त्याने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. आधी डॅशबोर्डवर तळवा टेकवला, मग गिअरच्या दांड्यावर, मग दारावर. शेवटी हात तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीवर आला आणि तिथेच थांबला. आत हात घालून त्याने कात्री बाहेर काढली.

"हिचं बेअरिंग ठीक आहे," तो म्हणाला.

टेलरबाईंनी कात्री हिसकावून मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि पुन्हा कान दिला.

"चला," त्या म्हणाल्या, त्याच्याकडे तोंड करून. "हळू."