यातली सगळी माणसं जिवंत आहेत

मी एक फोटो आहे. कोणाचा, ते एवढ्यात विचारू नका. त्या एका प्रश्नानेच माझी अर्धी जिंदगी नासवली.

आत्ता मी मुलुंडला एका घरात, जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला टांगलेला आहे. खिळा मजबूत आहे. मला काढायचं आता कोणी बोलत नाही. तरीही दारावरची बेल वाजली की माझं सगळं लक्ष दाराकडे लागतं. का, ते सांगायला मला मागे जावं लागेल, थेट वेसाव्याच्या किनाऱ्यापर्यंत.

तिथे बोंबील वाळत घातले होते. बांबूच्या उंच मांडवावर ओळीने लोंबणारे बोंबील, आणि त्यांच्या खाली, त्यांच्याच सावलीत, उलट्या टोपलीवर बसलेली म्हातारी कोळीण, सखुबाई. ऊन वरून बोंबलांमधून गाळून येत होतं आणि तिच्या तोंडावर उभे काळे-पांढरे पट्टे पडले होते. समोर कॅमेरा घेऊन उभा होता जयवंत. फोटो काढू का, एवढंच त्याला विचारायचं होतं, पण जमेना.

शेवटी तीच म्हणाली, "काय रं, काढतोस का बघत उभा ऱ्हातोस? काढ एकदाचा. माझे बोंबील कावले खातील."

जयवंतने बटण दाबलं. तिथे मी जीव धरला.

जयवंत बोरिवलीच्या चाळीत मोठ्या भावाकडे राहायचा. आठवीत शाळा सुटली आणि तो एका स्टुडिओत लागला. दिवसभर पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो. पण सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचे फोटो काढी. माणसं त्याच्याशी बोलत नसताना कशी दिसतात, ते त्याला बघायचं असे. घरातल्या मोरीत त्याने एक जुना एन्लार्जर बसवला होता, निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र. रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावायची, लाल दिवा पेटवायचा आणि आत शिरायचं. तिथेच मी जन्मलो. तीन कागद त्याने टाकून दिले. चौथा मी, पहिला जमलेला. पांढऱ्या कागदावर रसायनाखाली आधी बोंबील आले, मग टोपली, आणि सगळ्यात शेवटी सखुबाईचे डोळे.

फोटो बनला तरी त्याला तासभर वाहत्या पाण्यात धुवावं लागतं. नाहीतर वर्षभरात पिवळा पडतो. चाळीत पाणी यायचं सकाळी, तेही थोडा वेळ, म्हणून माझी धुलाई सोमवारी सकाळी.

"भावोजी, त्या म्हातारीला किती आंघोळ घालणार?" सुगंधावहिनी हंडा घेऊन उभी. "आमची पोरं बिनआंघोळीची शाळेत गेली!"

"वहिनी, पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत."

मोठा भाऊ दत्ताराम मुलुंडच्या कारखान्यात होता. त्याने धाकट्यासाठीही तिथे शब्द टाकून ठेवला होता. एका सकाळी दात घासायला मोरीत जागा मिळेना, तेव्हा तो भडकला. तो चिडला की मालवणीवर यायचा.

"जयवंता, आयक. तुझो एक तरी फोटो अनोळखी माणसान भितीर लावक घेतल्यान, तर मी गप रवतलंय. नाय तर ह्या यंत्र इकायचा आणि कारखान्यात येवचा. दिवाळीपर्यंत बघ."

म्हणजे ओळख ना पाळख अशा माणसाने विकत घ्यायचा आणि घरात लावायचा. अट साधी वाटली. जयवंतने मान हलवली. मी दोरीवर वाळत होतो. मलाही ती साधीच वाटली.

जयवंतचा दोस्त बाळा चित्रकार होता. त्याने मला पाहिलं, चार दिवस मागून नेलं, आणि माझ्यावरून तैलचित्र केलं. तेच बोंबील, तीच टोपली, तीच सखुबाई, फक्त लुगडं हिरवंगार. मग दोघांनी मिळून बोरिवलीच्या एका मंडळाच्या चित्रप्रदर्शनात आम्हाला ठेवलं. चाळीस चित्रं आणि मी एकटा फोटो. भिंती चित्रांनी भरल्यावर मंडळाचे चिटणीस माझ्याकडे बघून म्हणाले, "फोटोच आहे ना? दाराशी लावा."

दाराच्या वर मंडळाच्या जुन्या अध्यक्षांचे फोटो होते. सगळे कृष्णधवल, सगळे काळ्या चौकटीत, सगळे गेलेले. हॉलची देखभाल महादू करायचा. रोज सकाळी तो त्या फोटोंना झेंडूचे हार घाली. त्या सकाळी त्याने खाली बघितलं. काळी चौकट, म्हातारी बाई, शांत चेहरा. त्याच्याकडे एक हार जास्त होता. त्याने तो मला घातला आणि काचेवर गंधाचा ठिपकाही लावला.

त्याचं काय चुकलं? आपल्याकडे घरात मोठा काळा-पांढरा फोटो लागतो तो माणूस गेल्यावरच.

पण माझी पुरती वाट लागली. येणारा प्रत्येक जण आधी मला नमस्कार करायचा आणि मग चित्रं बघायला आत जायचा. बँकेत काम करणाऱ्या एक बाई, मृणालिनी त्यांचं नाव, त्यांनी तर चपला काढून हात जोडले. एका गृहस्थांनी जयवंतला हळूच विचारलं, "कधी गेल्या?" जयवंतने लाजून मान खाली घातली, तेव्हा गृहस्थांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आत बाळाचं चित्र तासाभरात विकलं गेलं. "काय जिवंत डोळे आहेत हो!" घेणारा म्हणाला. डोळे माझे होते.

बाळाला आनंद लपवता येईना आणि दाखवताही येईना. "यार जयवंत, तू पण रंग शिक ना."

"मला रंग नको आहेत रे."

"मग कोण घेणार तुझा? चित्रातली कोळीण म्हणजे कोळीण. फोटोतली कोळीण म्हणजे कोणाची तरी मावशी. दुसऱ्याची मावशी आपल्या भिंतीवर कशाला लावेल कोणी?"

हाराखाली मला गुदमरत होतं.

रविवारी खुद्द सखुबाई आली. ठेवणीतलं लुगडं, कानात बुगड्या, हातात सुक्या बोंबलांची पुडी. दारात आली आणि थबकली. बघतच राहिली.

"अरे, मी जित्ती हाय!" सगळा हॉल वळला. "माना हार कोनी घातला? कुनाला घाई झालीय माझी?"

महादूच्या हातातून झाडू गळला. चिटणीस धावले. सखुबाईने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, माझ्या गळ्यातला हार काढला, त्यातली चार फुलं तोडून स्वतःच्या अंबाड्यात खोवली आणि उरलेला महादूच्या गळ्यात टाकला. "घे, तुझा तुला!"

हसू थांबल्यावर ती जयवंतला घेऊन पायरीवर बसली. त्याने तिला सगळं सांगितलं. भावाची अट, बाळाचं चित्र, दुसऱ्याची मावशी. सांगताना त्याची मान वर झाली नाही.

"तू येडा हाय," सखुबाई म्हणाली. "पापलेट नि जवला एका टोपलीत टाकून मी बाजारात बसू? गिऱ्हाईक दोन्हीला नाक मुरडील. पापलेटाची टोपली निराळी, जवल्याची निराळी. तू आपली टोपली निराळी लाव. आन् तोंड उघड. मुक्याचा म्हावरा कुनी घेत नाय."

अंधेरीच्या एका वाचनालयाची वरची खोली दोन दिवसांसाठी मिळाली. जयवंतने अठरा फोटो लावले, एकही चित्र नाही. काळ्या चौकटी काढून टाकल्या. प्रत्येक फोटोभोवती पांढऱ्या जाड कागदाची रुंद कड ठेवली. खाली पेन्सिलने माणसाचं नाव, गाव, आणि फोटो पाचपैकी कितवा ते लिहिलं. दारावरची पाटी बाळाने रंगवून दिली, एक पैसा न घेता:

'इथे फक्त फोटो आहेत. विकत मिळतात. यातली सगळी माणसं जिवंत आहेत.'

शनिवारी लोक आले. पाटी वाचून हसले. दोघांनी पासपोर्टचा भाव विचारला. एकाने मुलीच्या लग्नाची तारीख दिली. विकलं काहीच गेलं नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती. संध्याकाळी जयवंत मला पुसत होता, पुसून झालं तरी पुसतच होता.

रविवारी सखुबाई आली ती माझ्याखाली टोपली उलटी टाकून बसलीच. "ही मीच," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "वरचे बोंबील हेच. खायचे असतील तर हायत." दुपारपर्यंत तिचे सगळे बोंबील खपले. आम्ही अठराच्या अठरा जागेवर.

पाचच्या सुमाराला मृणालिनीबाई आल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली सखुबाईकडे, आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई! बोरिवलीला मी यांना नमस्कार केला होता."

"आता पाया पडू नको बाय," सखुबाई म्हणाली. "बस हिते."

बाई बसल्या नाहीत. बराच वेळ मला बघत राहिल्या. मग जयवंतला म्हणाल्या, "पाचपैकी पहिला म्हणजे काय? निगेटिव्ह तुमच्याकडे आहे. उद्या पाचशे काढाल. मग माझ्याकडे असेल त्याला काय अर्थ?"

जयवंतने सखुबाईकडे बघितलं. तिने बोटाने तोंडाकडे खूण केली, उघड.

"सावलीत यांचे डोळे बुडत होते," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की बाई पुढे वाकल्या. "ते वर यावेत म्हणून कागदावर उजेड पडत असताना मी मध्ये माझा हात धरला. हाताची सावली पडली तिथे कागद काळा झाला नाही, तेवढेच डोळे उजळले. हात दर वेळी वेगळा पडतो. म्हणून पाचही वेगळे आहेत. सहावा मी काढणार नाही."

एवढं लांब तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

"डोळ्यांपाशी तुमचा हात आहे म्हणजे," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी मला घेतलं.

नंतर ऐकलं ते असं: घरी दत्तारामने पहिला प्रश्न विचारला, "घेणारी ओळखीची होती?"

"नाही दादा."

"खराच?" दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तो एक फळी घेऊन आला आणि यंत्र ठेवायला मोरीच्या वरच्या अंगाला स्वतः ठोकून दिली. दात घासायला जागा झाली. कारखान्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्या रविवारी निघताना सखुबाई जयवंतला म्हणाली होती, "पाचवा माना पायजे."

"घरात लावा, मावशी."

"छ्या! पेटीत ठेवीन. मी गेल्यावर माझ्या पोरी फोटो धुंडाळीत बसतील. तेव्हा हाच काढतील नि हार घालतील. आज नाय."

मुलुंडला येऊन मला पाच वर्षं झाली. सुरुवातीला चार भिंती फिरलो. मृणालिनीबाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "अनोळखी बाईसमोर मला घास गिळवत नाही." मग जेवणाच्या टेबलापासून बैठकीत, बैठकीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून दारामागे. प्रत्येक वेळी खिळा निघाला की वाटे, आता माळ्यावर. पण पाहुणे विचारत, "कोण ह्या?" आणि मृणालिनीबाई दर वेळी सांगत, "सखुबाई. वेसाव्याला असतात." सांगता सांगता ओळख झाली आणि मी परत टेबलापाशी आलो. आता बोंबील तळताना सासूबाईच बजावतात, "नीट तळ गं, त्या बघताहेत."

तर बेलचं सांगत होतो. वेसाव्यात एका पेटीत माझा पाचवा भाऊ कपड्यांखाली पालथा पडलेला आहे. तो तिथे आहे तोवर सखुबाई बाजारात ओरडते आहे, भाव करते आहे. तो बाहेर निघाला तर? ते सांगायला इथे कोण, कधी येईल, काही नेम नाही. म्हणून बेल वाजली की मी येणाऱ्याच्या तोंडाकडे आधी बघतो.

दूधवाला असतो. शेजारीण असते. मी पुन्हा भिंतीला टेकतो.

तुम्ही कधी या घरी आलात, तर माझ्यासमोर हात जोडू नका. कधी गेल्या, असं तर विचारूच नका. कोण ह्या, म्हणून विचारा. वेसाव्याला असतात, हे मला पुन्हा एकदा ऐकायचं आहे.