चौकटीतला चेहरा

मेंदू संशोधन केंद्राने कलावंतांसाठी नऊ महिन्यांची फेलोशिप काढली, तेव्हा चित्रकाराला काम मिळालं ते असं: एका बाईला तिच्या नवऱ्याचा चेहरा शिकवायचा.

मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून बाईंना चेहरे ओळखता येत नव्हते. नाक, डोळे, ओठ सुटे दिसत, पण माणूस जुळत नसे. नवऱ्याला त्या ओळखत ते आवाजावरून. तो बसस्थानकावरचा उद्‌घोषक. तीस वर्षं त्याच्या आवाजावर गाड्या सुटल्या होत्या. आता त्याच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र जाणार होतं. तारीख ठरली होती.

"म्हणजे मी घरात शिरलो की ही चोर चोर ओरडणार," उद्‌घोषक म्हणाला. "रंगारी, घाई करा."

फोटो दाखवून काही साधलं नव्हतं. केंद्रातल्या डॉक्टरबाईंचा अंदाज होता, की फोटो सगळंच सारखं दाखवतो. चित्रकार त्या चेहऱ्यात वेगळं असेल नेमकं तेवढंच ठळक करतो, त्याचा उपयोग होईल. म्हणून रोज सकाळी उद्‌घोषक समोर बसे, चित्रकार त्याचा चेहरा काढी, आणि बाई तारांची जाळीदार टोपी घालून ते चित्र पाहत. ओळखीचं काही दिसलं की टोपीला जोडलेल्या यंत्रावरची रेघ उसळायला हवी.

"भाऊजी, हे कोण?" त्या चित्रकाराला विचारत.

"वहिनी, तुमचेच हे."

"काय की बाई. बरे दिसतात."

विसाव्या चित्राला रेघ हलली. तिसाव्याला उसळली. बाई हसून म्हणाल्या, "हे आमचे!" उद्‌घोषकाने डोळे पुसले आणि चित्र उलटसुलट करून पाहिलं. "नाक जरा उभं केलंत हो माझं."

चित्रकारही हसला. शिकत असताना त्याचे मास्तर हेच म्हणायचे: कुणालाही बसव समोर, नाक तुझंच येतं.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी खरी चाचणी झाली. लाकडी पडद्याला एक चौकोनी खिडकी. तिच्यातून फक्त चेहरा दिसायचा. केस झाकायला सगळ्यांना हिरवी टोपी. बोलायचं नाही. चार चेहरे, त्यांत एक नवरा. चौथा माणूस ऐन वेळी आला नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी चित्रकाराला उभं केलं.

पहिल्या दोघांना रेघ सपाट राहिली. तिसरा उद्‌घोषक. गळ्याची पट्टी पडद्याआड, चेहरा खिडकीत. तो बराच वेळ उभा राहिला.

"हेही नाहीत," बाई म्हणाल्या.

मग चित्रकार खिडकीत आला. रेघ यंत्राच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"अहो! किती वेळ लावलात?"

समोरच्या भिंतीवर एक्केचाळीस चित्रं ओळीने टाचलेली होती. चित्रकाराने ती आज पहिल्यांदाच एका नजरेत पाहिली. पहिल्या चित्रात उद्‌घोषक होता. शेवटच्या चित्रात तो स्वतः होता.

खिडकीतून मागे सरत त्याने तोंड उघडलं. पडद्याआडच एक तळहात त्याच्या ओठांवर घट्ट बसला. उद्‌घोषकाने दुसऱ्या हाताने पाटी त्याच्यापुढे धरली: बोलू नका. तिला हवा तो चेहरा मिळालाय.

"पण हे..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाईंनी टोपी काढली, पडद्याला वळसा घालून आल्या. "आवाज गेला ना? जाऊ दे. तुमचं तोंड दिसलं, बास झालं. घरी चला." त्यांनी चित्रकाराचा हात धरला. "हात का इतके गार?"

उद्‌घोषकाने पाटी पुसून लिहिलं: आजच्या दिवस चला.

तिघं बाहेर पडले. लांब मार्गिकेत तीन माणसांची पावलं वाजत होती. जिन्यापाशी बाईंनी मागे वळून पाहिलं, मग चित्रकाराच्या कानाशी आल्या.

"अहो, माझी पिशवी घेऊन मागून येतायत, ते कोण?"