तुम्ही बसा

चर्चच्या दारात स्वागताला उभ्या असणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे कंडक्टर म्हणत. बसमध्ये तिकिटं फाडण्यात त्याची उभी हयात गेली होती, आणि ही हयात खरोखरच उभी होती. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा तो बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागला. शेवटी तीच पाळकांकडे गेली आणि म्हणाली, "ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मला तुमच्याकडे ठेवून घ्या." पाळकांनी त्याला दार दिलं, किल्लीसकट. त्या दारानं त्याला पुन्हा माणसांत आणलं, हे तो कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

कामात मात्र एक नंबर. "पुढे चला, पुढे जागा आहे, दारात गर्दी नको," हे तो देवाच्या घरातही म्हणे, चर्च रिकामं असलं तरी म्हणे. नवा माणूस दिसला की त्याला नुसतं भरतं येई. खिडकीजवळची खुर्ची नव्याला, उपासनेनंतरचा पहिला चहा नव्याला, रिकामा कपही कुणीतरी जागेवरून उचलून नेणार. ज्याचे पाय जन्मभर भरून आले, त्याच्या लेखी बसायला मिळण्याइतकं मोठं सुख दुसरं नव्हतं. ते तो हात सैल सोडून वाटत होता.

अशात एक बाई येऊ लागल्या. नवरा गेल्यावर मुलानं जुनं घर बंद करून त्यांना आपल्याकडे आणलं होतं. पहिल्या रविवारी मुलगा-सून बरोबर होती, मग मुलगा फाटकाशी सोडून जाऊ लागला. बाई मोजकं बोलत. एकदा त्या बाकाखाली पडलेलं गीतांचं पुस्तक उचलायला वाकल्या, तर कंडक्टर धावला. "अहो ताई, तुम्ही बसा!" एकदा कप गोळा करून स्वयंपाकघराकडे निघाल्या, तर कंडक्टरच्या बायकोनं ते हातातून काढूनच घेतले. "पाहुण्यांनी कसली कामं करायची? बसा तुम्ही." बाई बसल्या. मांडीवर हात ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या. कंडक्टरला वाटलं, किती निवांत बसल्यात बिचाऱ्या.

एका रविवारी निघताना त्या दारात थांबल्या. "भाऊ, जाते मी."

कंडक्टर चपापला. निघताना माणूस 'येते' म्हणतो. जायचंच असेल तरी 'येते' म्हणतो.

"जाते काय म्हणता, ताई? येते म्हणा."

"नाही, जातेच. पुढच्या रविवारपासून नाही यायचं."

"आमचं काही चुकलं का? खुर्ची उन्हात येते का? पलीकडची देतो की!"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "खुर्ची चांगली आहे हो. सगळंच चांगलं आहे. घरी सून चांगली आहे, ती म्हणते, आई तुम्ही बसा. मुलगा म्हणतो, आई तू बस. इथे आले तर तुम्ही म्हणता, बसा. आमच्या जुन्या घराकडच्या चर्चची किल्ली माझ्या कमरेला असायची, भाऊ. मला कुणी कधी 'या' म्हटलं नाही, कारण दार मीच उघडायची. इथे सगळे इतकं 'या, बसा' करतात की मी परकी आहे हे एक मिनिटही विसरता येत नाही."

कंडक्टरला उभ्या उभ्या लाज वाटली. बायकोच्या पायात पायात करत घरभर फिरणारा, कुणालाच नको असलेला तो निवृत्त माणूस त्याला आठवला. त्यालाही सगळे प्रेमानंच बसा म्हणत होते.

"पुढच्या रविवारी जरा लवकर या," तो म्हणाला. "काम आहे."

"कसलं काम?"

"या तर खरं."

घरी जाईस्तोवर तो मनात कामं मोजत राहिला. चर्चमध्ये कामं होती, पण कुणा ना कुणाच्या ताब्यात. स्वयंपाकघरात बायको कुणाला फिरकू द्यायची नाही. त्याच्या स्वतःच्या हातातलं म्हणाल तर एकच.

"दार देऊन टाकणार?" बायकोनं विचारलं. "मग तुम्ही काय करणार?"

"बसेन," तो म्हणाला. आठवडाभर तो धड जेवला नाही.

रविवारी बाई त्याच्या आधी येऊन फाटकाशी उभ्या होत्या. त्यानं किल्ली पुढे केली. बाईंनी किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि तुम्ही, भाऊ?"

"मी आहे की आत," तो म्हणाला.

तो मागच्या बाकावर जाऊन बसला. हात कुठे ठेवायचे कळेना, पाय सारखे दाराकडे वळत होते. बाक भरत आले, तेवढ्यात हेल्मेट हातात धरलेला एक चाळिशीचा माणूस दारात येऊन घुटमळला. कधी न पाहिलेला. कंडक्टर अर्धवट उठला. 'पुढे चला' अगदी ओठावर आलं होतं.

बाईंनी त्या माणसाला खुर्ची दाखवलीच नाही. हेल्मेट काढून घेतलं आणि पुस्तकांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. "बरं झालं आलात. एवढी वाटून टाकता का? मला एकटीला होत नाही."

माणूस गोंधळला, पण गठ्ठा हातात होता. तो बाकाबाकाशी थांबत, प्रत्येकाला पुस्तक देत निघाला. लोक "थँक्यू" म्हणत होते, तो मान हलवत होता. मागच्या बाकापर्यंत आला तोवर त्याची चाल बदलली होती. अवघडून बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून तो थांबला, वाकला आणि मायेनं म्हणाला, "काका, नवीन का तुम्ही?"

कंडक्टरनं पुस्तक घेतलं.

"हो," तो म्हणाला. "आजच आलोय."