सुनेने बसवलेली दाढ

शेवंतीबाईंचा सोमवार म्हणजे उपास आणि दिवेलागणीपर्यंत मौन. नवघरच्या त्यांच्या बिल्डिंगीत हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून श्रावणातल्या त्या दुपारी अभिषेक आटोपल्यावर त्यांनी नुसतं हसून बायकांच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला, आणि एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

कट्!

खोबरं नव्हे ते. पदराआड तळवा धरला, तर त्यावर दाढेची कॅप, आणि तिच्याखालून डोकावणारी पांढरी काडी.

"अरे बाप रे, ये तो पूरा बाहर आ गया!" शेजारच्या हेमालीबेन ओरडल्याच. "मृणालिनी, पंधरा दिन भी नहीं टिका? मेरा कलवाला अपॉइंटमेंट रहने दे हां."

सून मृणालिनी धावत आली. तिने नुकताच दातांचा दवाखाना थाटलेला, आणि पहिली पेशंट सासूच. रूट कॅनल केलेल्या दाढेत कॅपला आधार म्हणून ही फायबरची काडी तिनेच चिकटवली होती. तिने काडीवरून बोट फिरवलं.

"सिमेंट अजून चिकट? घट्ट झालंच नाही हे! आई, खरं सांगा, रूट कॅनलनंतर काडी बसवेपर्यंत आत काही औषध घातलं होतंत?"

त्या दिवसांत शेवंतीबाईंच्या दाढेतलं तात्पुरतं सिमेंट अर्धं निघालेलं. सुनेला कशाला त्रास, म्हणून त्या रोज लवंगतेलाचा बोळा आत दाबून ठेवत. काडी बसवतानाही तिने हेच विचारलं होतं. तो नेमका सोमवार. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. लवंग तर देवाच्या विड्यातली, ती थोडीच औषध? वास आलाही असेल सुनेला. पण पूजेनंतर लवंग चघळणं त्यांचं रोजचंच.

हेमालीबेन चपला शोधू लागल्या. दिवेलागणीला अजून बराच वेळ. तोवर चारही मजल्यांवर सुनेचं नाव खराब झालं असतं.

"थांबा."

कुणाला कळेचना, बोललं कोण. हेमालीबेन एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या.

"तिचं काम कच्चं नाही," शेवंतीबाई म्हणाल्या. "मी लवंगतेल घालत होते. तिच्यापासून लपवलं."

मृणालिनीने वर बघितलं. "लवंगतेल? आई, त्याने ते सिमेंट धरतच नाही हो! आणि... आणि तुमचं मौन?"

"मोडलं. देवाला मी सांगेन." त्यांनी ती कॅप सुनेच्या हातावर ठेवली. "मूळ शाबूत आहे ना? मग परत बसव. फक्त सोमवार देऊ नकोस, बाई. मंगळवारी माझा नुसता उपास असतो, तोंड बंद नसतं."