मागचे दोन स्पीकर

रामनाथ सावे एखादी वस्तू घेतो म्हणजे काय करतो, हे चिंचणीत त्याच्या बायकोइतकं, सुलूइतकं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी तो ती वस्तू मोठ्या भावाकडे बघून यायचा. मग आठवडाभर तोंड पाडून बसायचा. मग तीच वस्तू, पण आकारानं मोठी, त्यांच्या दारात उतरायची. भावानं फ्रीज घेतला तेव्हा रामनाथनं आणलेला फ्रीज स्वयंपाकघराच्या दारातून आतच गेला नाही. तो पडवीत राहिला, आणि तेव्हापासून थेंबभर दुधासाठी सुलू चपला घालत होती.

वाडी सुलूच बघायची. चिकू कधी उतरवायचे, ढोबळी मिरची कुठल्या व्यापाऱ्याला घालायची, मजुरांना कुठल्या कामाला लावायचं, सगळं तीच. रामनाथ वाडीत फेरी मारायचा, पण ती सोनचाफ्याखाली खुर्ची टाकून बसण्यापुरती. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही. पण वाईट नसणं हाच ज्याचा गुण, त्याच्याबरोबर जन्म काढणं काय असतं ते सुलूनं कुणाला सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत नरहरीनं, म्हणजे त्या मोठ्या भावानं, दोघांना जेवायला बोलावलं. तो अणुशक्ती केंद्रात नोकरीला, राहायला बोईसरच्या कॉलनीत. जेवणं झाल्यावर त्यानं टीव्हीजवळची एक पातळशी पेटी उघडली, तळहाताएवढी चकती आत सरकवली आणि सिनेमा लावला. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर. आवाज छान होता. सुलूला तर फारच आवडला, कारण बाईचं बोलणं बाईसारखं ऐकू येत होतं.

घरी परतताना रामनाथ रिक्षात म्हणाला, "दोनच स्पीकर. सगळा आवाज पुढूनच."

"मग कुठून यायला पायजे?"

"मागून. होम थेटर म्हंजे मागून पण आवाज आला पायजे. दादाला काय कळतंय?"

जेवायला वाढलंय म्हणून पाठीमागून तीनदा हाका मारल्या तरी ज्याला ऐकू जात नाही, त्याला आता मागून आवाज हवा होता. सुलू बाहेरच्या अंधाराकडे बघत बसली.

मग रामनाथनं कुठूनतरी इंग्रजी मासिकं मिळवली. वाचता येत होतं ते वाचलं, नाही आलं त्याची चित्रं बघितली. घरात नवे शब्द फिरू लागले. रिसीव्हर, चॅनल, वॅट, सराउंड. मिरचीचा भाव करायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यानं अर्धा तास रिसीव्हर म्हणजे काय ते सांगितलं. सगळ्या आवाजाचा तो मुकादम, म्हणे. कुठल्या स्पीकरनं काय बोलायचं ते तो ठरवतो. व्यापारी मान डोलवत राहिला आणि शेवटी भाव पाडून माल घेऊन गेला. सुलू तेव्हा विहिरीवर होती.

बोईसर स्टेशनजवळ देवू चुरीचं दुकान होतं. देवू हा रामनाथचा शाळेतला सोबती. आधी त्यानं सरावलीच्या कामगारांच्या चाळींत केबल टाकली, गच्चीवरच्या एका खोलीतून सिनेमे दाखवले, आणि मग त्या पैशांतून हे काचेचं दुकान थाटलं. रामनाथ तिथं चार-पाच चकरा मारून आला. शेवटच्या चकरेला त्यानं सुलूलाही नेलं. तिचं मत विचारायला नव्हे. आपल्याला कळतं हे कुणीतरी बघायला हवं होतं.

"या रामनाथशेठ! या वैनी, बसा!" देवूनं बाक पुसला.

त्यानं पहिला रिसीव्हर दाखवला. सुटसुटीत, राखाडी, समोर मोजकी बटणं. "हा पण चांगला हाय. कॉलनीतले सायेबलोक हाच नेतात."

एवढंच वाक्य पुरेसं होतं. रामनाथनं तो हातानं बाजूला सारला. "यावरचा दाखव."

यावरचा म्हणजे फळीभर रुंद काळं धूड होतं. चालू केल्यावर त्यावर निळे-तांबडे दिवे नाचायला लागले. रामनाथनं वॅट विचारले. देवूनं आकडा सांगितला. तो कशाचा आकडा होता ते दोघांनाही ठाऊक नसावं असं सुलूला वाटलं, पण एक सांगून खूश होता आणि दुसरा ऐकून.

मग चकत्या वाजवायचं यंत्र. नरहरीकडे होतं तसलं व्हीसीडीचं यंत्र देवूनं दाखवलं आणि लगेच स्वतःच नाक मुरडलं. "ही पोराटोरांची. नवीन डीव्हीडी म्हणून आलंय, पण तिच्या चकत्या आपल्याकडं कुठं मिळतात? तुमाला मी खरी चीज दाखवतो." त्यानं कापड ओढलं. खाली लेसर डिस्कचं यंत्र होतं, आणि त्यात घालायची तबकडी चांगली जेवायच्या ताटाएवढी.

रामनाथचे डोळे त्या ताटावर खिळले.

सुलूनं यंत्राकडे पाहिलं. पाठीच्या जाळीत धूळ घट्ट बसली होती. नव्या वस्तूत एवढी धूळ कुठून येईल? हे देवूच्या गच्चीवरच्या खोलीतलं, वर्षानुवर्षं रात्रंदिवस घासलेलं यंत्र, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रामनाथ मात्र त्यावरून हात फिरवत होता.

"लावतो, ऐका," देवू म्हणाला. पाच स्पीकर मांडलेले होते, तीन पुढे आणि दोन बाकामागे. इंग्रजी सिनेमातलं एक हेलिकॉप्टर घरघरत आलं, डोक्यावरून गेल्यासारखं झालं. रामनाथनं डोळे मिटले. अंगठा खांद्यावरून मागे केला.

"गेलं! ऐकलंस, सुलू? मागं गेलं! मागून येतंय आता!"

सुलू बाकाच्या टोकाला होती. तिनं मान वळवून पाहिलं. मागच्या दोन्ही स्पीकरांच्या वायरींचं वेटोळं करून त्याला रबर लावलेलं होतं. त्यांची उघडी टोकं हवेत लोंबत होती. ते स्पीकर कशालाच जोडलेले नव्हते.

तिनं वर पाहिलं तर देवू तिच्याकडेच बघत होता. एक क्षण त्याचा चेहरा आक्रसला. बाई आता बोलणार, असं त्याला वाटलं असावं. सुलूच्या जिभेवर शब्द आलेही होते. पण शेजारी रामनाथ डोळे मिटून, ओठांवर हसू घेऊन, नसलेल्या आवाजाला मान डोलवत होता, आणि ते ध्यान बघून तिच्या मनात एवढी किळस दाटली की बोलण्याचे कष्टही नकोसे झाले. घे, म्हणाली ती मनात. तुला हेच शोभतं. आणि तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

देवूनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा मागवला.

सेट घरी आला. देवूनं स्वतः येऊन भिंतींना खिळे ठोकले, या वेळी मागच्या वायरीही जोडल्या. तबकड्या दोनच दिल्या, दोन्ही इंग्रजी. बाकीच्या "मागवून देतो" म्हणाला. रामनाथनं खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवली आणि ती कुणी हलवायची नाही असं बजावलं. तिथं बसून तो रोज हेलिकॉप्टर उडवायचा. झाडलोट करताना सुलूनं एकदा सेट चालू असताना मागच्या स्पीकरवर तळहात टेकवला. दगडासारखा निपचित. म्हणजे या रिसीव्हरची मागच्या स्पीकरांना आवाज पुरवणारी बाजूच मेलेली होती. तिनं फडकं फिरवलं आणि पुढं गेली. "मागून काय घुमतोय बघ!" रामनाथ खुर्चीतून म्हणाला. "घुमतोय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी त्यानं नरहरीला आणि त्याच्या बायकोला, रखमावैनींना, बोलावलं. शेजारचीही चार माणसं आली. रखमावैनींनी मराठी सिनेमा लावायला सांगितला. या यंत्रासाठी मराठी सिनेमा मिळत नाही असं रामनाथनं जरा अभिमानानंच सांगितलं.

"ताट एवढं मोठं, आणि वाढायला कायच नाय?" रखमावैनी म्हणाल्या.

हेलिकॉप्टर आलं. रामनाथचा अंगठा खांद्यावरून मागे गेला. "मागून ऐका, दादा!"

नरहरीनं थोडा वेळ ऐकलं. मग तो उठला, मागच्या भिंतीशी गेला, एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. तसाच पुढे आला आणि रिसीव्हरच्या पाठीमागून पुढच्या तिन्ही स्पीकरांच्या वायरी त्यानं एकेक करून काढल्या. खोली गप्प झाली. टीव्हीवर हेलिकॉप्टर मुकाट्यानं उडत राहिलं.

"रामा," नरहरी म्हणाला, "तुझे मागचे दोघं मुके हायेत रे. इतके दिवस काय ऐकत होतास तू?"

हशा पिकला. रखमावैनींनी पदर तोंडाला लावला. शेजारी मांड्यांवर थापा मारायला लागले. सुलू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. नेमकं तेव्हाच रामनाथनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला आश्चर्य वाटलेलं नाही हे त्याला दिसलं.

पाहुणे गेल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"दुकानातच. वायरी लोंबत होत्या."

"मग बोलली का नायस?"

"तुमी ऐकलं असतंत?"

तो ओरडणार अशी तिची खात्री होती, आणि ओरडल्यावर काय काय ऐकवायचं ते तिच्याकडे कधीचं तयार होतं. पण तो ओरडला नाही.

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. "तरी बोलायचं होतंस. देवू काय, तो धंदा करायला बसलाय. तू माझ्या बाजूला बसली होतीस."

एवढं बोलून त्यानं सेटवर चादर टाकली आणि वाडीत निघून गेला. पुढचे दिवस तो घरात पाहुण्यासारखा वागला. पाणीसुद्धा स्वतः घेऊन प्यायचा. सुलूला त्याचाही राग आला. आयुष्यात पहिल्यांदा यानं खरं बोलावं, आणि तेही माझ्याविरुद्धच! पण रात्री जेवताना चादर टाकलेल्या त्या सेटकडे तिची नजर परत परत जायला लागली.

बुधवारी मिरचीचा टेम्पो बोईसरला निघाला. रिकाम्या खोक्यांत पेंढा घालून सुलूनं तो काळा रिसीव्हर आणि ते ताटाचं यंत्र भरलं. तीही टेम्पोत बसली. टेम्पोवाल्या चिंतूनं दोन्ही खोकी देवूच्या दुकानात आणून ठेवली. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, शर्टाच्या खिशाला कारखान्याचा बिल्ला लावलेला एक पोक्त माणूस.

"परत घे," सुलू म्हणाली.

"वैनी, विकलेला माल—"

"मग लाव इथंच. मागचे दोन स्पीकर जोड आणि वाजवून दाखव. हे भाऊ पण ऐकतील."

बिल्लावाला कुतूहलानं जवळ आला. देवूनं तिला कोपऱ्यात घेतलं. त्याचा आवाज खाली आला होता, पण डोळे हसत होते. "वैनी, उगाच कशाला? त्या दिवशी तुमी बगितलंत ना वायरी? कायच बोललात नाय. उलट हसलात. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय आपला रामनाथ कसा हाय तो. आपल्या दोघांना ठाऊक हाय."

आपल्या दोघांना. सुलूला ते शब्द अंगावर पाल पडावी तसे वाटले. हा माणूस तिला आपल्या पंगतीला बसवत होता, आणि पान तिनंच मांडून दिलं होतं.

"आपल्या दोघांचं काय नाय, देवू," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. "जुनं यंत्र नवं म्हणून विकलंस. मागची बाजू मेलेला डबा गळ्यात मारलास. माझ्या नवऱ्याला फसवलंस तू."

बिल्लावाल्यानं हातातला रिमोट हळूच काउंटरवर ठेवला आणि तो बाहेर पडला. देवू त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्यानं मुकाट्यानं खोकी उघडली.

या वेळी सुलू बाकावर बसली नाही. तिनं साधा राखाडी रिसीव्हर लावायला सांगितला आणि लहान चकतीचं यंत्रही. हेलिकॉप्टर नको म्हणाली. दोन माणसं बोलत बसलीत असं काहीतरी लाव. ती मागच्या स्पीकरांशी जाऊन उभी राहिली, जाळीवर हात ठेवला. बोलणं पुढूनच येत होतं, पण मागे पानांची सळसळ होती, कुठंतरी लांब कुत्रा भुंकत होता. तळहाताला थरथर जाणवली. तिनं दोनदा लावून घेतलं, मग मान हलवली. किमतीतल्या फरकाच्या बदल्यात चकत्या निवडून घेतल्या, सगळ्या मराठी आणि हिंदी.

घरी खोकी उतरताना रामनाथ पडवीत उभा होता.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय." तिनं खोकं खाली ठेवलं. हात झटकले. "त्या दिवशी बोलायला पायजे होतं मी. चुकलं माझं."

तो वाडीकडे वळला. संध्याकाळपर्यंत खोकी तशीच होती. दिवेलागणीला तो आला, पेंढा उपसला आणि एकेक वायर जोडायला लागला. जोडता जोडता सवयीनं सांगायलाही लागला. हा डावा चॅनल, हा उजवा, आणि हा बोलण्याचा स्पीकर, हा मागं ठेवायचा, म्हणजे आवाज खोलीभर घुमतो. त्यानं तो उचलून खरंच मागच्या भिंतीकडे नेला.

सुलूच्या मनात ती जुनी, ओळखीची तुच्छता पुन्हा उठून बसली. गप्प राहणं किती सोपं होतं!

"अहो, तो पुढं," ती म्हणाली. "टीव्हीखाली."

"तुला काय कळतंय?"

"कळतंय. दुकानात बगून आले. पुढं ठेवा."

रामनाथनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग गुरगुरत तो स्पीकर उचलून खोलीच्या मध्यापर्यंत आणला, आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवला.

"अजून पुढं," सुलू म्हणाली.